हाडांची गोळी सुरू करू की नको?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र सविस्तर आहे, म्हणून इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुमचं वय ५९. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळी गेली. दिवाळीच्या आधी मोरीत पाय घसरला आणि हातावर पडलात, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात जुळला, पण डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करायला लावला आणि मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे २.९ आला; उणे २.५ किंवा त्याखाली आला की हाडं ठिसूळ धरतात. त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी लिहून दिली. ती आणून तुम्ही कपाटात ठेवलीत, कारण भाच्याने वाचलं की ही गोळी हाडांची नैसर्गिक उलाढाल थांबवते, हाड आतून मेल्यासारखं होतं आणि मांडीचं हाड आपोआप मोडतं. शिवाय तुमचा प्रश्न असा की, रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे, कॅल्शियमच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू आहेत, मग हाडं ठिसूळ झालीच कशी? जाता जाता तुम्ही गुडघेदुखीवर घेत असलेल्या पुड्यांचा उल्लेख केलात, आणि मुलगी बाळंतीण आहे, तिची हाडं झिजतील का, हेही विचारलंत.

माझं मत आधीच सांगते. गोळी सुरू करा, फक्त त्याआधी काही तपासण्या होऊ द्यात. भाच्याने वाचलेलं खोटं नाही, अर्धवट आहे. उरलेलं अर्धं कळायला हाडाच्या आत रोज काय चालतं ते पाहावं लागेल.

वाढ पूर्ण झाली की हाड कायमचं घडलं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी काढून नवा घातला जातो. चालताना, जिने चढताना, हंडा उचलताना हाडात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडत असतात. हाडाच्या आतच गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात, हाडातल्या दहातल्या नऊ पेशी याच. त्यांचे केसाहून बारीक फाटे एकमेकींना जोडलेले असतात. चीर पडली की त्या जागचे फाटे तुटतात, पेशी मरतात आणि आजूबाजूला निरोप जातो की इथली दुरुस्ती करायला हवी.

मग तिथे ऑस्टिओक्लास्ट येतात. या मूळच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या. अशा अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी होते आणि ती हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसते. कडेने जागा घट्ट बंद करते आणि आतल्या बंद जागेत आम्ल सोडते. त्या आम्लात हाडातलं खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस, विरघळतं. मागे राहिलेलं प्रथिनांचं जाळं विकरं तोडून टाकतात. दोन ते चार आठवड्यांत सुमारे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा खोल खड्डा तयार होतो. काम झालं की या पेशी मरून जातात आणि त्या जागी ऑस्टिओब्लास्ट येतात. त्या आधी कोलॅजनचा थर घालतात, मग त्यात हळूहळू खनिज बसतं. खड्डा पूर्ण भरायला चार ते सहा महिने लागतात.

काढायला काही आठवडे आणि भरायला काही महिने, हा फरक नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मातीच्या घरात भिंतीचे पोपडे एका सकाळी खरवडून होतात, पण लिंपण थरावर थर देऊन करावं लागतं आणि वाळायला वेळ द्यावा लागतो. एका वेळी एकच भिंत काढली तर घराला काही होत नाही. सगळ्या भिंती एकदम खरवडायला घेतल्या तर घर खचतं. पाळी गेल्यावर बाईच्या हाडात हेच होतं.

किती ऑस्टिओक्लास्ट तयार व्हायचे हे हाड बांधणाऱ्या पेशी आणि त्या गाडलेल्या ऑस्टिओसाइटच ठरवतात. त्या रँकएल नावाचं एक प्रथिन बनवतात, ते ऑस्टिओक्लास्ट तयार करायला लावतं. आणि त्याच ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं दुसरं प्रथिन सोडतात, ते रँकएलला वाटेतच धरून ठेवतं. या जोडीचा शोध १९९०च्या दशकाच्या अखेरीस लागला आणि तिथून हाडांच्या आजारांकडे पाहण्याची डॉक्टरांची नजरच बदलली. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे पारडं सांभाळून असतं. ते रँकएल आटोक्यात ठेवतं आणि ऑस्टिओक्लास्ट वेळेवर मरतील हेही पाहतं. पाळी गेली, इस्ट्रोजेन घटलं की एकाच वेळी जास्त ठिकाणी खड्डे पडू लागतात, ते जास्त खोल जातात आणि भरणी पुरी पडत नाही. पहिल्या पाच-सात वर्षांत ही घट सगळ्यात वेगाने होते. ज्यांची पिशवी काढताना अंडाशयंही काढली गेली, त्यांच्यात हे ऐन चाळिशीत किंवा त्याआधीच सुरू होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कमी वयातच काढल्या गेल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, तेव्हा पोटाच्या ऑपरेशनबद्दल पुष्कळ बोललं गेलं. ज्यांची अंडाशयंही गेली असतील त्यांच्या हाडांबद्दल मात्र फार थोडं.

आता तुमचं मनगटच का मोडलं? हाड दोन तऱ्हांचं असतं. बाहेरचं घट्ट कवच आणि आतली स्पंजासारखी जाळी. या जाळीला पृष्ठभाग जास्त, म्हणून उलाढालही जास्त. कवचाचा वर्षाला जेमतेम तीन टक्के भाग बदलतो, जाळीचा सुमारे पंचवीस टक्के. मणके, मनगटाचं टोक आणि खुबा या ठिकाणी जाळी भरपूर असते आणि ठिसूळपणाने मोडणारी हाडं नेमकी हीच. जाळीतली एखादी पातळ पट्टी खड्ड्याने आरपार तुटली की नवं हाड बसायला तिथे पृष्ठभागच उरत नाही. उरलेल्या पट्ट्या नंतर जाड करता येतात, पण तुटलेली पट्टी परत जोडली जात नाही. म्हणून मी तुम्हाला थांबू नका म्हणते. मनगट मोडल्यानंतरची पुढची काही वर्षं खुबा आणि मणक्यांच्या दृष्टीने फार धोक्याची असतात.

रक्तातल्या कॅल्शियमबद्दल. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, रक्तात अगदी थोडं. पण ते थोडं जराही घसरून चालत नाही, कारण हृदयाचे ठोके, स्नायू, नसा त्यावर चालतात. मानेत थायरॉइडच्या मागे चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी आहेत. रक्तातलं कॅल्शियम कमी होताना दिसलं की त्या हाडातून ते काढून रक्तात आणतात. म्हणजे हाडं रिकामी होत असतानाही रक्ताचा रिपोर्ट नॉर्मलच येतो. तो नॉर्मल आहे म्हणून हाडं ठीक आहेत असं समजू नका. तो फारच जास्त किंवा फारच कमी आला असता तर आम्ही दुसराच आजार शोधला असता.

आणि कॅल्शियमच्या गोळ्या? त्या माल पुरवतात. खणणाऱ्या पेशींचा वेग त्यांनी फारसा कमी होत नाही. तुमच्या वयाला दिवसाला एकूण १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. त्यातलं होईल तेवढं ताटातून येऊ द्यात. पेलाभर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम असतं, दही-ताकातूनही मिळतं, नाचणीची भाकरी आणि तीळ उत्तमच. उरलेलं गोळीने भरून काढा, त्याहून जास्त नको. ड जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून हे कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, सकाळचं कोवळं ऊन हाडांना चांगलं. कोवळ्या उन्हात आल्हाद आहे, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फार कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं. हातापायांवर थोडा वेळ घेतलं तरी पुष्कळ. रक्ताच्या तपासणीत ड जीवनसत्त्व कमी आलं तर डॉक्टर साठ हजार युनिटचं पाकीट आठवड्याला एक असं काही आठवडे देतील. तो कोर्स संपला की तो संपला. पाकीट स्वस्त आहे, चांगलं वाटतं म्हणून वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेत राहणारे पेशंट मी पाहिलेत, त्याने रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

आता त्या पुड्या. तुम्ही एका ओळीत उरकलंत, मला मात्र तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. ‘पुडी घेतली की दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक लागते, चेहरा भरलाय’ असं तुम्ही लिहिलंय. नाव नसलेल्या पुडीने इतका झटपट आराम पडत असेल तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका येते. स्टिरॉइड हाडावर दोन्हीकडून वार करतं. बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट कमी होतात, आतल्या ऑस्टिओसाइट मरतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत खणणं उलट वाढतं. प्रेडनिसोलोनसारखं औषध रोज ५ मिलिग्रॅम असं तीन महिन्यांहून जास्त घ्यायची वेळ आली तरी आम्ही हाडांची काळजी वेगळी घेतो. तुमच्या पुडीत किती आहे हे तर कुणालाच माहीत नाही. पण ताई, ती आजच्या आज स्वतःहून एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड बराच काळ मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळणं, उलट्या, भोवळ असा जीवघेणा प्रसंग येऊ शकतो. उरलेली पुडी घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि काहीही न लपवता सांगा. ते हळूहळू कमी करत बंद करतील.

आता गोळीकडे येते. अलेन्ड्रोनेट हाडाच्या खनिजाला जाऊन चिकटतं. ऑस्टिओक्लास्ट तिथे खणायला लागली की हाडाबरोबर औषधही तिच्या पोटात जातं, तिचं काम मंदावतं आणि ती लवकर मरते. त्यामुळे नवे खड्डे कमी पडतात, आणि आधी पडलेले भरायला ऑस्टिओब्लास्टना सवड मिळते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आधीच मणक्याला फ्रॅक्चर असलेल्या बायका घेतल्या होत्या. तीन वर्षांत खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्या १०० जणींपैकी १५ जणींना मणक्याचं नवं फ्रॅक्चर झालं, अलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांत ८ जणींना. खुब्याचं फ्रॅक्चरही निम्म्यावर आलं. पन्नास-साठीच्या पुढच्या बाईला खुबा मोडणं म्हणजे काय, हे आपल्या सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी पाहिलेलं आहे.

भाच्याचं म्हणणं खरं कुठे आहे तेही सांगते. खणणं पूर्ण थांबलं तर हाड वाईटच होतं. हाम्बुर्गचे क्ष-किरणतज्ज्ञ आल्बर्स-श्योनबर्ग यांनी १९०४ साली एका तरुणाच्या हाडांचं वर्णन केलं. क्ष-किरणात ती संगमरवरासारखी पांढरी, भरीव दिसत होती, तरी मोडत होती. या जन्मजात आजारात ऑस्टिओक्लास्ट नीट काम करत नाहीत. जुनं, चिरा पडलेलं हाड काढलंच जात नाही, नुसतं साठत जातं. उलट पॅजेटच्या आजारात ठरावीक हाडांत उलाढाल बेफाम वाढते, हाड जाड आणि वेडंवाकडं होतं. गंमत नाही, पण त्या आजारावर बिस्फॉस्फोनेट, म्हणजे अलेन्ड्रोनेटच्याच कुळातलं औषध चालतं. तेव्हा हाडाला उलाढाल लागतेच, ती बेताची लागते. तुमच्या गोळीचा हेतू पाळी जाण्याआधीच्या वेगाच्या जवळपास ती आणायचा आहे.

हे औषध वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मात्र उलाढाल फार दबलेली राहते आणि क्वचित मांडीच्या हाडाला, फारसा मार न लागता, आडवं फ्रॅक्चर होतं. भाच्याने वाचलं ते हेच. ते फार विरळ आहे, मुदत वाढत जाते तसा धोका वाढतो आणि औषध थांबवल्यावर तो उतरतो. म्हणूनच साधारण पाच वर्षं गोळी दिल्यावर डॉक्टर पुन्हा स्कॅन करतात आणि धोका कमी असेल तर काही काळ सुट्टी देतात. औषध हाडात मुरलेलं असतं, त्यामुळे सुट्टीतही काही काळ त्याचा उपयोग होत राहतो. मधल्या काळात मांडीत किंवा जांघेत खोलवर ठणका सुरू झाला, आणि तो काही आठवडे राहिला, तर गुडघ्याचं दुखणं समजून तेल चोळत बसू नका, दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढा. जबड्याच्या हाडाचा त्रासही विरळच, पण दात काढायचे असतील तर गोळी सुरू करण्याआधी काढून घ्या.

कुणी तुम्हाला सहा महिन्यांतून एकदाच्या डेनोसुमॅबच्या इंजेक्शनचं सुचवलं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ते इंजेक्शन रँकएललाच पकडतं, उत्तम काम करतं, पण हाडात मुरत नाही. एखादा डोस चुकवला किंवा परस्पर बंद केलं तर दबलेलं खणणं उसळी मारून वर येतं आणि एकापाठोपाठ एक मणके दबल्याची उदाहरणं आहेत. ते थांबवायचं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पाठोपाठ दुसरं औषध घेऊन.

गोळीआधीच्या तपासण्या अशा. ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन. त्याबरोबर पाठीच्या मणक्यांचा एक एक्स-रे. मणक्याची बरीच फ्रॅक्चर कळतही नाहीत, नुसती पाठ दुखते म्हणून सोडून दिली जातात. भिंतीला टेकून उंची मोजा. तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. गिळताना अडकत असेल, छातीत जळजळ फार होत असेल किंवा अर्धा तास ताठ बसणं जमणार नसेल तर गोळीऐवजी वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक आम्ल देता येतं.

गोळी घ्यायची रीत चुकली तर ती वाया जाते. आठवड्याचा एक वार ठरवा. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळा. चावू नका, चघळू नका. त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर ती शोषलीच जात नाही, म्हणून कॅल्शियम दुपारी जेवणानंतर.

चालणं-फिरणं औषधाइतकंच गरजेचं, आणि त्याचं कारणही त्याच ऑस्टिओसाइटमध्ये आहे. हाडावर भार पडला की त्यांना तो कळतो. एरवी त्या स्क्लेरॉस्टिन नावाचं प्रथिन सोडून बांधणाऱ्या पेशींना आवरून धरतात, भार आला की ते सोडणं कमी करतात आणि बांधकाम वाढतं. अंतराळवीरांना भारच नसतो, त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक टक्क्याहून जास्त घटतं. तुम्ही रोज चाला, जिना चढा, हात न टेकता खुर्चीवरून उठण्याचा सराव करा, ओट्याला धरून टाचा वर करा. पण पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं हे सध्या बंद. पाठ गोल करून वाकलं की मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा दाब येतो. पाण्याची बादली उचलतानाही कमरेतून वाकू नका, गुडघ्यांत वाका. मोरीत खरबरीत फरशी किंवा रबरी मॅट, भिंतीला धरायला दांडी, आणि रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा, हे या महिन्यातच करून घ्या. मिश्री लावत असाल तर सोडा, तंबाखू हाडाच्याही मुळावर येतो.

मुलीबद्दल निश्चिंत राहा. अंगावर पाजताना आईच्या हाडातून कॅल्शियम खरंच काढलं जातं, मणक्यांची घनता सहा महिन्यांत काही टक्क्यांनी उतरते. पण दूध तुटून पाळी नियमित झाली की पुढच्या काही महिन्यांत ती साधारण पूर्ववत होते. तिने पोटभर जेवावं, दूध-दही-नाचणी घ्यावी, आणि बाळंतपणात महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहू नये. पाजत्या बाईला पाठीत अचानक तीव्र कळ येऊन उठता-बसता येईनासं झालं, तर मात्र ‘बाळंतपणातली पाठ’ म्हणून शेकत बसू नका, मणक्यांचा एक्स-रे करून घ्या. फार क्वचित, पण पहिल्या बाळंतपणानंतर मणके दबलेल्या मुली आम्ही पाहतो, आणि लवकर कळलं तर त्या चांगल्या सावरतात.